उधळ्या पुत्राचं कीर्तन: मंडळीनं मिळून आठ आठवड्यांत कसं रचावं

डिसेंबर उजाडला की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये कलेला एकदम भरतं येतं. मेंढपाळांची घोंगडी, योसेफाची दाढी, ताऱ्याला चिकटवायचा चंदेरी कागद सगळं कपाटातून बाहेर निघतं. जिला मरीया केलं नाही ती रुसते. पंचवीस तारीख सरली की दाढी परत कपाटात जाते. त्या मुलांना नंतर कधी विचारून पाहा, ताऱ्यामागून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक आधी यरुशलेमात का गेले? संवाद सगळ्यांना पाठ असतात, पण हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आलेला नसतो. आपण त्यांना बोलायला दिलेलं असतं, शोधायला काही दिलेलं नसतं.

आमच्या मंडळीत यावर एक उपाय लागू पडला, तो म्हणजे कीर्तन. तयार कीर्तन बसवायचं नाही, तर शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा घेऊन लहानथोरांनी मिळून आपलं स्वतःचं कीर्तन रचायचं. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातलं 'बाप धावला' हे सहा अक्षरांत बसवायला गेलं की तो का धावला, कुठून धावला, धावताना पायात काय होतं, हे ठरवावंच लागतं. तिथे वचनाचा अभ्यास आपोआप होतो. तो कसा घडवून आणायचा, ते खाली लिहितो. आठवड्याला दीड तासाची एक बैठक, अशा आठ बैठका आणि बारा-पंधरा माणसं एवढं पुरतं.

आधी परवानगी, आणि तिच्याबरोबर येणारा आक्षेप

पहिली भेट पाळकसाहेबांची आणि पंच कमिटीची. 'बसवून झालं की दाखवू' असं करू नका. कीर्तन म्हटलं की एखादा ज्येष्ठ सभासद हमखास म्हणतो, "हे आपलं नव्हे, हे देवळातलं." त्याला उडवून लावू नका. त्याच्या वाडवडिलांनी धर्मांतरानंतर काय सोसलं हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि मागे सोडलेल्या गोष्टी पुन्हा दारात आलेल्या पाहून त्याला अस्वस्थ वाटू शकतं.

पण इतिहासही त्याच्यासमोर ठेवा. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही मराठी ओवीत, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या मंडळीत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांतून प्रभूला आळवलं. त्यांच्या हातून अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, आणि त्या काही शाळा-कॉलेजात शिकलेल्या नव्हत्या. तेव्हा हे आपलंच आहे. मधल्या पिढ्यांनी फक्त वापरणं सोडलं.

काय ठेवायचं आणि काय गाळायचं, तेही या बैठकीतच लिहून काढा. बुक्का लावणं, देवतांचं नमन, आरतीचं ताट हे गाळायचं. नमनात त्रैक्य देवाला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याला, वंदन करायचं. मध्यंतरीच्या नामगजरात प्रभूचं नाव घ्यायचं. शेवटी पसायदानाच्या जागी प्रभूची प्रार्थना आणि पाळकांचा आशीर्वाद. रचना आणि वाद्यं तीच राहतात: पूर्वरंग (मूळपद म्हणजे मुख्य अभंग, आणि त्याचं निरूपण), उत्तररंग (गोष्टीचं आख्यान), पेटी, तबला, झांजा. आमच्याकडे हा एक कागद वाचून झाल्यावर निम्मा विरोध तिथेच मावळला.

कॅथलिक धर्मग्रामात हे करायचं असेल तर मिस्साच्या मधे घुसवू नका, कारण उपासनाविधीला स्वतःचे नियम असतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळातली एखादी संध्याकाळ धरा. तीन वर्षांच्या वाचनचक्रात एका वर्षी उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी हाच उधळ्या पुत्राचा उतारा येतो, तेव्हा तर फादरांना वेगळं काही सांगावंच लागत नाही.

उतारा कोणता घ्यावा

पहिल्या खेपेला गोष्ट घ्या, पत्रांतला उपदेश नको. जक्कयाची गोष्ट (लूक १९:१-१०) लहान मुलांना आवडते, कारण त्यात झाड आहे. योनाचे चार अध्याय मोठ्या गटाला चालतात. मी मात्र लूक १५:११-३२, म्हणजे उधळ्या पुत्राचा दाखला घ्या म्हणेन. धाकटा मुलगा वाटा घेऊन दूरदेशी जातो, सगळं उधळतो, डुकरं राखायची वेळ येते तेव्हा घरी परततो; बाप धावत जाऊन त्याला जवळ घेतो आणि मेजवानी देतो, तर थोरला रुसून बाहेरच थांबतो. वाटणी मागणारा धाकटा, राबणारा थोरला आणि दोघांच्या मधे अडकलेला बाप, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. ज्या घरात सातबाऱ्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही, अशी घरं प्रत्येक मंडळीत आहेत. हा दाखला वाचताना ती माणसं खाली बघतात, हे मी पाहिलंय.

पहिला आणि दुसरा आठवडा: फक्त वाचन

या दोन बैठकांत पेटी बाहेर काढायची नाही. तरुण कुरकुर करतील, करू द्या.

उतारा तीनदा मोठ्यानं वाचायचा. एकदा एखाद्या आजींनी, एकदा एखाद्या मुलानं, आणि तिसऱ्यांदा निवेदक, बाप, दोन मुलगे, चाकर अशी पात्रं वाटून. घरात बायबलचं वेगळं भाषांतर असेल तर तेही आणायला सांगा. मग फळ्यावर दोन रकाने काढा. एकात 'काय लिहिलंय', दुसऱ्यात 'काय लिहिलेलं नाही'. हा दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आमच्याकडे त्यात आलेल्या काही गोष्टी: मुलांची नावं नाहीत. दूरदेश कुठला ते नाही. आई कुठेच नाही. आणि थोरला शेवटी घरात गेला की नाही, तेही नाही.

पहिल्या रकान्यातही बारकाईनं वाचायला लावा. घरी परतायच्या आधी धाकटा एक भाषण तयार करतो (वचन १८-१९). मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. प्रत्यक्ष बापासमोर तो बोलतो ते एकविसाव्या वचनात आहे. दोन्ही शेजारीशेजारी लिहून मुलांना विचारा, काय राहिलं? मोलकऱ्याचं वाक्य राहिलं. ते बोलायच्या आधीच बापानं चाकरांना झगा आणायला सांगितलं. हे आमच्याकडे सहावीतल्या एका मुलीनं पकडलं आणि चाळीस वर्षं प्रवचनं ऐकलेली माणसं तिच्याकडे बघत राहिली.

आणखी दोन गोष्टी या वेळी सांगून ठेवाव्यात. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात (२१:१७) सांगितल्याप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश. आणि बाप हयात असताना वाटा मागणं म्हणजे 'तू मेलास तर बरं' असं म्हटल्यासारखंच. दुसरी गोष्ट डुकरांची. मोशेच्या नियमशास्त्रात डुक्कर अशुद्ध मानलंय, त्यामुळे यहुदी मुलाच्या वाट्याला डुकरं राखणं येणं म्हणजे लाजेची परिसीमा. बाकी पार्श्वभूमी पाळकांवर सोडा. या टप्प्यावर फार माहिती ओतली तर मुलं शोधायचं थांबतात आणि वहीत उतरवून घ्यायला लागतात.

तिसरा आठवडा: कामं कशी वाटायची

गोड गळ्याच्या पोराला मुख्य काम आणि बाकीच्यांना टाळ्या, ही चूक सगळेच करतात. इथे रचणारी माणसं जास्त लागतात आणि गाणारी कमी.

आज्यांकडे ओव्या द्या. ज्यांनी लहानपणी जात्यावर दळलंय किंवा आईला दळताना ऐकलंय, त्यांच्या कानात ती लय असते. "आम्हाला काय येतंय" म्हणतील. त्यांच्यासमोर वही ठेवू नका, फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा आणि आई कुठे होती, एवढंच विचारा. आमच्या एका आजींनी निवडता निवडता म्हटलं:

बापाच्या गोष्टीमंदी, माय बाई कुठं गेली
चुलीच्या धुरापाशी, डोळं पुसत बसली

पुढच्या बैठकीला हे ऐकवलं तेव्हा महिला मंडळातली एकही बाई मग गप्प बसली नाही.

तरुण संघाकडे अभंग आणि साक्या. रविवारच्या शाळेतल्या मुलांकडे आख्यानातले संवाद आणि मागचा चित्रांचा पडदा. निरूपणाची जबाबदारी दोघांवर ठेवा, एक अनुभवी आणि एक नवखा. कीर्तनकार म्हणून ज्याला उभं करायचं त्याला लोकांशी बोलता आलं पाहिजे. गाता येणं दुय्यम, धृपद झेलायला मागे साथीदार असतातच.

तबलजी मंडळीत नसेल तर गावातल्या भजनी मंडळात विचारा. बहुतेक जण आनंदानं येतात, आणि चाल कुठे जड होतेय हे आपल्यापेक्षा चटकन सांगतात. त्यांच्या बिदागीची सोय आधी करा. 'प्रभूचं काम आहे' म्हणून दुसऱ्याच्या कष्टाचे पैसे बुडवू नयेत.

चौथा आणि पाचवा आठवडा: अक्षरं मोजणं

खरी मजा इथे आहे, म्हणून दोन आठवडे ठेवलेत. तरी कमीच पडतात.

मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. ऱ्हस्व-दीर्घ मोजायचं नाही, आणि जोडाक्षर एकच धरायचं. मुलांना बोटांवर मोजायला लावा. आमच्या गटानं रचलेलं मूळपद असं:

दूरच्या वाटेला, बाप लावी डोळे
अंगणात लोळे, धूळ रोज

लेक दिसताच, धावला तो पुढे
वहाणही पडे, पायातली

'वहाण' कुठून आली? शास्त्रात बापाच्या वहाणेचा उल्लेख नाही. पण मुलासाठी वहाणा आणा असं तो सांगतो (वचन २२), त्यावरून एका पोराला सुचलं की धावताना याचीच पायातून गेली असेल. यावर अर्धा तास वाद झाला. कुटुंबातला कर्ता म्हातारा पुरुष चारचौघांत धावतो का? आमच्या गावात धावत नाही, त्या काळातही धावत नसणार. म्हणजे त्यानं आपली अब्रू बाजूला ठेवली. बापाच्या प्रेमावर तासभर प्रवचन केलं असतं तरी या एका वहाणेइतकं पोचलं नसतं.

आख्यानात गोष्ट पुढे न्यायला साकी बरी. तिच्या ओळीत अठ्ठावीस मात्रा असतात, सोळा आणि बारा. इथे मात्र ऱ्हस्वाची एक आणि दीर्घाची दोन अशी मोजणी लागते:

वाटा मागुन घेउन गेला, दूर दूर परदेशी
सोबत होती नाणी तोवर, मित्र राहिले पाशी

दिंडी हा छंद एकोणीस मात्रांचा, नऊ आणि दहा. त्याची चाल संथ आणि करुण, म्हणून डुकरांच्या प्रसंगाला शोभते. पण पहिल्याच वर्षी सगळे छंद हाताळायचा हट्ट नको. अभंग आणि साकी जमली तरी भरपूर झालं.

रचताना एक आजार पसरतो, त्यापासून सावध राहा. दोन अक्षरं कमी पडली की 'प्रभू', चार कमी पडली की 'धन्य धन्य'. आम्ही नियमच केला: भरतीला देवाचं नाव वापरायचं नाही. जिथे ते येईल तिथे काढता येणार नाही असंच यावं. या नियमामुळे एका मुलाचा अख्खा अभंग कोसळला. तो चिडून घरी गेला आणि चार दिवसांनी त्याहून चांगला घेऊन आला.

मजकूर तपासायचा कसा

पाचव्या आठवड्याअखेर सगळं लिखाण पाळकांकडे द्या. त्यांना एकच विनंती करा: लाल पेनानं खोडू नका, समासात प्रश्न लिहा. 'बापानं आधी शिक्षा करायला हवी होती का?' असा प्रश्न वाचून मुलं पुन्हा उताऱ्याकडे जातात. खोडलेली ओळ पाहून पुन्हा कुणी लिहायला येत नाही.

दुसरा नियम मी कधी सोडत नाही. जे शास्त्रात आहे आणि जे आपण कल्पिलंय, ते श्रोत्याला वेगळं कळलं पाहिजे. त्यासाठी कीर्तनकारानं उभ्या उभ्या सांगावं, "असं लिहिलेलं नाही हं, पण आमच्या आज्यांना वाटतं, आई चुलीपाशी होती." असं सांगितल्यानं रंग बिघडत नाही, उलट लोक जास्त कान देतात. आणि प्रभूच्या तोंडी तर आपलं एकही वाक्य घालू नये.

सहावा आणि सातवा आठवडा: बांधणी आणि तालीम

एकूण सत्तर मिनिटांवर जाऊ नका. आमची विभागणी अशी होती: नमन आणि मूळपद दहा मिनिटं, निरूपण पंधरा, नामगजर पाच, आख्यान तीस, शेवटची प्रार्थना आणि आशीर्वाद दहा. आमचा पहिला प्रयोग फसला तो निरूपणामुळे. ते एका बोलघेवड्या भावांकडे दिलं, त्यांनी पन्नास मिनिटं घेतली. आख्यान सुरू झालं तेव्हा शेळीचा मुखवटा घातलेलं पोर आईच्या मांडीवर झोपलेलं होतं. आता पुढच्या रांगेत एक जण घड्याळ घेऊन बसतो.

पट्टी लवकर ठरवा. पुरुषांना सोयीची पट्टी बायका-मुलांना खाली जाते, त्यांची पुरुषांना चढते. एक संध्याकाळ सगळ्यांना मूळपद वेगवेगळ्या पट्ट्यांत म्हणायला लावा, जिथे कुणाचीच मान ताणली जात नाही ती पट्टी वहीवर लिहा आणि नंतर बदलू नका. माईक कीर्तनकाराला आणि पेटीला पुरे. तबल्याला दिलात तर शब्द बुडतील, आणि शब्दांसाठीच तर हा खटाटोप.

पडद्याच्या चित्रासाठी मुलांना आधी आंजेलो दा फोन्सेका यांची चित्रं दाखवा. गोव्यात जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रं काढणारे हे चित्रकार १९६७ मध्ये वारले. त्यांची मरीया साडी नेसलेली आहे. ते पाहिलं की मुलं परदेशी कॅलेंडरातला गोरा, सोनेरी दाढीचा म्हातारा काढायचं सोडतात. आमच्या पडद्यावरच्या बापाच्या डोक्यावर गांधी टोपी आली आणि मागे विहिरीवरची मोटर. काढू दिलं. मोटरीचा पाइप कुठे जातो यावर मुलांनी माझ्यापेक्षा जास्त विचार केला होता.

मुलांच्या तालमीला नेहमी किमान दोन मोठी माणसं हवीत. अंधार पडल्यावर कोण कुणाला घरी सोडणार हे आधीच ठरलेलं असावं. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नयेत.

आठवा आठवडा: प्रयोग

रविवारची संध्याकाळ बरी. सकाळच्या उपासनेला जोडलं तर लोकांचा जीव घरच्या कुकरमध्ये अडकतो. बाकं बाजूला सारून सतरंज्या घाला, गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीलगत खुर्च्या ठेवा. मूळपदाचे शब्द मोठ्या अक्षरांत पडद्याशेजारी लावा, म्हणजे लोक धृपद उचलतात. शेजारपाजारच्यांना बोलवायचं असेल तर मोकळेपणानं बोलवा, फक्त कीर्तनात कुणाच्या श्रद्धेवर शेरा मारू नका.

शेवट कुठे करायचा यावर सगळ्यात जास्त डोकं लावा. दाखला थोरल्याला अंगणात उभा ठेवून संपतो. तो शेतातून घरी येतो तेव्हा त्याच्या कानावर वाद्यांचा आणि नाचण्याचा आवाज पडतो, हे पंचविसाव्या वचनात आहे. आम्ही याचा फायदा घेतला. आख्यानाच्या शेवटी पेटी-तबला जोरात सुरू केला आणि थोरला झालेला तरुण सभागृहाच्या मागच्या दारात, लोकांच्या पाठीमागे उभा राहिला. बाप लोकांमधून वाट काढत त्याच्याकडे गेला, शेवटच्या दोन वचनांतलं बोलला, आणि वाद्यं थांबली. थोरल्यानं उत्तर दिलं नाही. तो आत गेलाही नाही. कीर्तनकारानं काहीच समजावलं नाही, थेट प्रभूची प्रार्थना सुरू केली. 'आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथे काही आवाज अडखळले.

थोरल्याला आत नेऊन गोड शेवट करावा, असा आग्रह कुणीतरी धरतोच. पाळकांना मधे घ्या, पण झुकू नका.

नंतर

दुसऱ्या दिवशी थकवा असतो आणि तिसऱ्या दिवशी कागद हरवायला लागतात. म्हणून जाड पुठ्ठ्याची एक वही करा. त्यात मूळपद, सगळ्या रचना, कुठली ओळ कुणाची, चाल कशावरून घेतली, पट्टी, खर्चाचा हिशेब आणि फळ्यावरचे ते दोन रकाने उतरवून ठेवा. आजींच्या ओव्या त्यांच्या बोलीतच लिहा, शुद्धलेखन करू नका. पुढचा उतारा या वेळी न बोललेल्या कुणाला तरी निवडू द्या.

आणि वहीत या कीर्तनापुढे चार-पाच कोरी पानं सोडा. महिनाभरानं उपासना सुटल्यावर कुणीतरी बाजूला घेतं आणि म्हणतं, "त्या आईबद्दल अजून एक सुचलंय, लिहून घेता का?"